बारा भाकरी लांब

वीज किती लांब आहे ते भाकरींत मोजायची पद्धत आमच्या वाडीत माझ्यामुळे आली, आणि त्याच पद्धतीपायी एका शेतातली पंधरा माणसं जिवाला मुकायची वेळ आली, तीही माझ्यामुळेच. हे आधीच सांगून टाकते. आडून आडून बोलणं मला जमत नाही, आणि पोटात ठेवलं तर अन्न गोड लागत नाही.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. माहेर शहापूर, नोकरी मुरबाड तालुक्यात. टोकावड्याच्या पुढे डोंगराच्या अंगाला आत शिरलं की आमची वाडी लागते. शाळा दोन खोल्यांची, वर स्लॅब. वाडीत तेवढंच एक पक्कं बांधकाम. बाकी घरं कुडाची, वर कौलं नाहीतर पत्रे. पहिली-दुसरी गुरुजींकडे, तिसरी ते पाचवी माझ्याकडे.

पुस्तकात हवामानाचा धडा आला की माझ्या डोक्यात तिडीक जाते. पाऊस पर्जन्यमापकाने मोजतात असं एक वाक्य, आणि खाली चित्र. अरे, ज्या मुलांच्या पायांचा चिखल चार महिने सुटत नाही त्यांना पाऊस चित्रात काय दाखवता! मी पुस्तक मिटलं आणि पाण्याच्या रिकाम्या बाटल्या जमवल्या. वरचा भाग कापून उलटा बसवायचा, बुडाशी खडे, बाहेरून पट्टी चिकटवायची. झाला पर्जन्यमापक. पहिल्या तीन बाटल्या चोरीला गेल्या. वाडीत सकाळी सकाळी बाटलीला मागणी असते, कशासाठी ते सांगत बसत नाही. चौथी मी तारेने खांबाला आवळून बांधली आणि प्रार्थनेच्या वेळी जाहीर केलं, हिला हात लावणाऱ्याची मी आईला शाळेत बोलावून खरडपट्टी काढणार. ती बाटली टिकली.

मग माझ्या जुन्या परकराचा बोंगा शिवून तो बांबूवर चढवला, वाऱ्याची दिशा बघायला. बाईंचा परकर म्हणून पोरं आठवडाभर खिदळली. काचेच्या बरण्यांत शेतातली, ओढ्यातली आणि वारुळाची माती घालून, पाणी ओतून, घुसळून ठेवली. खाली वाळू, वर गाळ, त्यावर गढूळ पाणी, असे थर बसताना मुलं नाक काचेला टेकवून बघायची.

त्यातली एक पाचवीतली मुलगी दोन दिवस त्या बरण्यांपासून हलली नाही. डबा खायलासुद्धा तिथेच. ती मोजणारी मुलगी. पायऱ्या मोजेल, कौलं मोजेल, मी दिवसात किती वेळा ओरडले तेही मोजेल आणि वर मला सांगेल. तिचा बाप भिवंडीला गोदामात कामाला, महिन्यातून एकदा येणारा. घरी ती, तिची आई आणि आजा. आजा म्हणजे वाडीतला शब्द चालणारा म्हातारा. त्याने मान हलवली की वाडी हलायची.

जूनमध्ये एके दिवशी शाळा भरलेली असताना आभाळ असं कडकडायला लागलं की लहान मुलं भोकाड पसरून रडायला लागली. एकाने रडं काढलं की बाकीच्यांना ते फुकट मिळतं. मी ओरडले, त्याने आणखी रडली. मग मी म्हटलं, चला, विजेला मोजू. बाहेर लख्ख झालं की मोजायला लागायचं आणि गडगडाट ऐकू आला की थांबायचं. उजेड आधी पोचतो, आवाज मागून येतो. जितकं जास्त मोजून होईल तितकी वीज लांब.

मुलं मोजायला लागली, पण घोडे सुटल्यासारखी. एकदोनतीनचारपाच. तेव्हा हीच मुलगी म्हणाली, "बाई, दर आकड्याच्या मागं भाकर लावूया. एक भाकर, दोन भाकर. मग कोन पळनार नाय."

मी मनगटावरच्या घड्याळावर तपासलं. दहा भाकरींना बरोबर दहा सेकंद. मला इतका आनंद झाला की मी तिला जवळ ओढून तिच्या डोक्यावरून हात फिरवला. वर्ग सगळा भाकरी मोजायला लागला, रडं थांबलं. वीज चमकली की पोरं दरवाजाकडे बघत एका सुरात भाकर म्हणायची आणि मला हसू आवरायचं नाही.

मग तिसरीतल्या एकाने विचारलं, "बाई, पन किती आल्यावं भ्यायचं?"

हा प्रश्न मी स्वतःला विचारलाच नव्हता. वर्ग माझ्या तोंडाकडे बघत होता. मी म्हटलं, "दहा. दहाच्या वर गेलं तर वीज लांब आहे, बिनघोर राहा. दहाच्या आत आलं की घरात." कुठून आणले मी दहा? कुठून नाही. आकडा सुटसुटीत, मुलांच्या बोटांत मावणारा, म्हणून तोंडातून गेला. आणि मुलांनी तो खरा धरला, कारण बाईंनी सांगितला.

एवढ्यावर थांबले असते तर बरं. पण मला हौस भारी. निळा ऑइलपेंट आणला आणि शाळेच्या बाहेरच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहून घेतलं: दहा भाकरींच्या वर, वीज लांब. बाजूला मुलांनी वीज काढली, गोल भाकरी काढल्या. भेटीला आलेल्या साहेबांनी कौतुक केलं. मी फोटो काढून ठेवला.

वाडीत आधी काय होतं ते इथे सांगायला हवं. पहिली गुरगुर ऐकू आली की शेतातली माणसं हातातलं लोखंड, विळा म्हणा, कोयता म्हणा, तिथेच टाकायची आणि घर गाठायची. घरी पोचलं की घरातला कोयताही अंगणात फेकायचा. लोखंड आणि माणूस विजेच्या वेळी एका जागी नको, असा त्यांचा शिरस्ता. माझी भिंत बघून म्हातारा पहिल्यांदा हसला होता. "बाई, मोजून वीज थांबते काय?" म्हणाला. पण नात घरात मोजायची, आणि आकडा उतरत आला की आवाज वाढत येतो हे त्याच्या ध्यानात आलं. सप्टेंबरपर्यंत तो माझ्यापेक्षा पक्का झाला. शेतात गुरगुर झाली की तो विळा खाली ठेवायच्या ऐवजी नातीला हाक मारायचा, "किती भाकरी गो?" पंधरा म्हणाली की काम चालू. माणसं घरी पळायची थांबली. मला हे कोणीतरी सांगितलं तेव्हा मी खूश झाले, हे आज लिहिताना माझे कान तापतात.

ऑक्टोबरात भातकापणी आली. आमच्याकडे कापणी एकट्याची नसते. आज याच्या शेतावर सगळे, उद्या त्याच्या. शुक्रवारी शाळा सुटताना ती मुलगी मला सांगत आली, "बाई, उद्या मी येनार नाय. उद्या आमच्याकडं सगळी येतायत. कापून वाळत टाकलाय, त्याचे भारे बांधायचेत. आजा म्हनला, तू इळ्याला हात लावू नको, तू खडकावं बसून फक्त भाकरी मोज."

"शाबास!" मी म्हणाले.

शनिवारी मला प्रशिक्षण होतं. दोन तालुक्यांतल्या शिक्षकांना मिळून शहापूरला बोलावलेलं. विषय, मुलांकडून करून घ्यायचे हवामानाचे आणि मातीचे प्रयोग. मी आदल्या संध्याकाळीच स्कूटी घेऊन माहेरी गेले होते. माझा परकर, माझ्या बरण्या, माझी भिंत, सगळ्याचे फोटो फोनमध्ये तयार. आपलं कौतुक होणार याची मला खात्रीच होती.

शिकवायला ठाण्याहून एक तरुण बाई आली होती, बोलायला शांत. प्रत्येकाने आपापले फोटो पडद्यावर दाखवायचे होते. बाटली दाखवली, टाळ्या. परकर दाखवला, हशा आणि टाळ्या. मग भिंत आली. ती बाई पडद्याकडे बघत राहिली. तिने विचारलं, "हा दहाचा आकडा कुठून घेतला?"

मी पुढचा फोटो दाखवायला फोनवर बोट फिरवलं.

ती म्हणाली, "दहा सेकंद म्हणजे वीज जेमतेम तीन किलोमीटरवर. ढगापासून दहा किलोमीटरपर्यंत वीज पडू शकते. तिसाच्या आत आवाज आला तर माणूस पक्क्या घरात हवा. आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडायचं नाही. मॅडम, ही भिंत पुसा. ही माणसं मारेल."

मागे कोणीतरी हसलं. एरवी मी वळून त्याची बोलती बंद केली असती. पण माझं लक्ष खिडकीकडे गेलं होतं. बारा वाजून गेले होते, बाहेर उकाडा मरणाचा, आणि पूर्वेला, डोंगरांच्या बाजूला, ढग उभे चढत चालले होते. बुडाला काळे. त्या ढगांखाली कुठेतरी माझी वाडी होती, आणि वाडीतलं एक पोरगं, नव्हे, सगळी वाडीच माझ्या आकड्यावर शेतात उभी होती.

मी पर्स उचलली. "मॅडम, प्रमाणपत्र दुपारी मिळेल," कोणीतरी म्हणालं.

"ठेवा तुमच्याकडेच," म्हटलं आणि निघाले.

बाहेर येऊन मुलीच्या आईला फोन लावला. लागेना. त्या शेतात रेंज नसतेच, हे मला माहीत होतं, तरी चार वेळा लावला. गुरुजींना लावला. शनिवारची सकाळची शाळा आटोपून ते मुरबाडला निघून गेलेले. गाडीवर असतील, उचलेनात. शाळेला कुलूप. एक किल्ली त्यांच्याकडे, दुसरी माझ्या पर्समध्ये. म्हणजे वाडीतल्या एकुलत्या एका पक्क्या घराची किल्ली शहापूरला, आणि माणसं तिकडे. मी स्वतःला अशी शिवी घातली की ती इथे लिहिता येणार नाही.

शहापूर ते किन्हवली, किन्हवली ते सरळगाव, तिथून टोकावडं. एरवी सवा तासाचा रस्ता. मी कशी गाडी हाकली ते मलाच ठाऊक. किन्हवली सोडली तोवर ऊन होतं. सरळगावच्या अलीकडे ऊन गेलं आणि वारा थंड झाला. रस्त्याकडेला माणसं पसरलेलं भात गोळा करायला धावत होती. पहिली वीज मी तिथे बघितली, समोर, डोंगराच्या माथ्यावर. आणि गाडी चालवता चालवता तोंडाने सुरू झाले, एक भाकर, दोन भाकर. सव्वीसला आवाज आला. पुढची बावीसला. मी ढगाकडे जात होते, का ढग माझ्याकडे येत होता, कळायला मार्ग नव्हता. तिकडे ती मुलगी आता किती मोजत असेल, हे एकच डोक्यात. वीस म्हणत असेल, आणि सगळे निवांत असतील.

टोकावड्याला दोन चहावाले ताडपत्र्या बांधत होते. मी थांबले नाही. वाडीच्या कच्च्या रस्त्यावर स्कूटी दोनदा घसरली. शाळेपाशी आले, गाडी तशीच आडवी टाकली आणि आधी शाळेचं कुलूप काढलं. घाईत किल्ली दोनदा खाली पडली. मग बांधावरून शेताकडे पळत सुटले. पन्नाशीला टेकलेली बाई साडीचा ओचा धरून बांधावरून पळते आहे, हे बघायला मात्र कोणी नव्हतं. सगळी शेतात होती.

शेताच्या मधोमध काळा खडक आहे, माणसाच्या उंचीचा. त्यावर ती बसली होती. भोवती सपाट कापलेलं शेत, आणि सगळ्यात उंच जागी माझी विद्यार्थिनी. गुडघ्यांवर कोपरं टेकून, आभाळाकडे तोंड करून.

वीज चमकली. तिचा आवाज मला ऐकू आला, स्वच्छ, न घाबरलेला. "एक भाकर, दोन भाकर, तीन भाकर..." खाली माणसं वाकून भारे आवळत होती. मी पळता पळता तिच्याबरोबर मोजत होते. चौदाला गडगडलं.

"चौदा!" ती ओरडली. "लांब हाय!"

"उतर!" मी ओरडले. "उतर खाली! सगळे निघा! शाळेत चला!"

सगळ्यांनी माना वर केल्या. मुलगी मला बघून खुलली. "बाई! चौदा आले! मी सकाळपासनं मोजतंय!"

"उतर म्हटलं ना!"

ती उतरली, पण तोंड पडलं तिचं. म्हातारा विळा हातात घेऊन माझ्याकडे आला. त्याच्यामागे अर्धं शेत बांधून झालेलं, अर्धं अजून तसंच पसरलेलं. भिजलं तर दाणा काळा पडतो, मोड येतात. वर्षाचं खाणं तिथे जमिनीवर पडलेलं होतं. तो म्हणाला, "काय झालं बाई? चौदा भाकरी हायत. दहा आलं का निघू."

"दहा नाही. तीस. तिसाच्या आत आलं की पळायचं."

"भितीवं दहा लिवलंय."

"मीच लिहिलंय! चुकीचं लिहिलंय!"

पुन्हा चमकलं. मुलीचे ओठ हलायला लागले, सवयीने. सगळे तिच्या ओठांकडे बघत होते. बाराला आवाज आला. पायाखाली जाणवला.

"बारा," ती हळूच म्हणाली. "बाई, तुमीच सांगितलेला ना, दहाच्या वर बिनघोर."

"मी चुकले," मी म्हणाले. पंधरा माणसांसमोर, साडी गुडघ्यापर्यंत चिखलाने माखलेली, धाप लागलेली. "मी चुकीचं शिकवलं. तुमचं जे जुनं होतं, पहिल्या गुरगुरीला निघायचं, तेच बरोबर होतं. आता वाद घालू नका. पाया पडते तुमच्या, निघा."

म्हातारा माझ्याकडे बघत राहिला. त्याच्या डोळ्यांत राग होता, आणि त्याला हक्क होता रागावायचा. मग त्याने विळा जमिनीत खुपसला आणि मान हलवली. तेवढ्याने सगळ्यांनी विळे टाकले. पण तो स्वतः वळला. बांधलेल्या भाऱ्यांशेजारी ताडपत्री घडी घालून ठेवली होती. "तुमी व्हा फुडं. ही टाकतो न आलो."

"राहू दे ती!"

"टाकतो न आलो, बाई."

त्याला मी ओढून नेऊ शकत नव्हते. बाकीची चौदा माणसं बांधावरून निघाली होती, त्यांत दोन लेकुरवाळ्या बाया, आणि ती माझ्या शब्दावर निघाली होती. मी त्यांच्यामागून निघाले. म्हाताऱ्याला तिथे सोडून निघाले, हे स्पष्ट सांगते.

शाळेत शिरलो आणि पाऊस कोसळला. मी दारात उभी राहून हजेरी घ्यावी तशी डोकी मोजली. चौदा. मुलगी खिडकीपाशी गेली. "गजांना हात लावू नको," मी म्हटलं. ती दोन पावलं मागे सरकली. पावसातून शेत दिसत नव्हतं. तिची आई भिंतीला टेकून बसली होती, पदर तोंडाशी धरून.

चमकलं. "एक भाकर, दोन भाकर..." तेराला आवाज आला. मुलगी आईकडे वळली. "तेरा. आजाला टाइम हाय."

"गप गो," आई म्हणाली.

पुन्हा चमकलं. पुन्हा ती मोजायला लागली. मला तिला थांबवायचं होतं आणि मला तो आकडा ऐकायचाही होता. बारा. "बारा. अजून लांब हाय," ती म्हणाली, आणि मला कळलं की ती मोजून त्याला वाचवते आहे. जोवर ती मोजते तोवर दहा येणार नाहीत, असं काहीतरी.

मग सगळी खोली पांढरी झाली. एक म्हणायला तिने तोंड उघडलं ते तसंच राहिलं. आवाज उजेडाबरोबरच आला. फळ्याखालची खडूची पेटी खाली पडली, तान्ही पोरं किंचाळली, माझ्या दातांत काहीतरी झिणझिणलं. बारानंतर एकदम शून्य.

तिची आई उठली आणि दाराकडे धावली. मी दारात आडवी झाले, दोन्ही हात चौकटीला. "सरा बाई!"

"नाही."

"सासरा हाय माझा तिकडं! सरा!" तिने माझ्या छातीवर दोन्ही हातांनी ढकललं. मी हलले नाही. तो जिवंत आहे की नाही हे मला माहीत नव्हतं, आणि मी त्याच्या सुनेला जाऊ देत नव्हते. मागून दोन बायांनी तिला धरलं. ती मला जे बोलली ते सगळं मी ऐकून घेतलं. मुलगी खिडकीपाशीच उभी होती. आता ती मोजत नव्हती. वीज चमकत होती, आवाज होत होते, ती नुसती उभी.

किती वेळ गेला सांगता येत नाही. घड्याळ हातात होतं, पण बघायचं धाडस झालं नाही. मग पावसातून काहीतरी हललं. म्हातारा बांधावरून येत होता, एका बाजूला कलंडत, एक हात कानावर. डोक्याचं फडकं नाही, तोंड चिखलाने भरलेलं. मी दारातून बाजूला झाले, आणि सून त्याला आत घेऊन आली.

तो दाराजवळ भिंतीला पाठ लावून बसला आणि खूप मोठ्याने, ओरडूनच, बोलायला लागला. "बांधावच्या ऐनावं पडली! उभा चिरला झाड! मी पडलो चिखलात, तोंडावं! ताडपत्री टाकायची राहिली!" कोणीतरी विचारलं, लागलं काय कुठं? त्याला ऐकू गेलं नाही. "काय?" तो ओरडला. कानावर हात मारून घेतला. "काय बोलतंस? मला आयकू येत नाय!"

सून रडायला लागली. बाया त्याचं अंग पुसायला लागल्या. त्याच्या हातापायांना कुठे भाजलेलं नव्हतं, हे मी दोनदा बघितलं. तेव्हा कुठे मी लहान मुलांच्या बाकावर बसले.

मुलगी माझ्यासमोर येऊन उभी राहिली. रडत नव्हती. "बाई," ती म्हणाली, "बाराच्या नंतर अकरा यायला पायजे होते ना? मग दहा, नऊ, आठ. तवर आजा आला असता. मधल्या भाकरी कुठं गेल्या?"

तिला वाटत होतं, वीज रस्त्याने चालत येते. एक एक भाकर जवळ. आणि तसं तिला वाटायला लावलं होतं मीच.

"मधे काही नसतं," मी म्हटलं. "ती कुठेही पडते. आता बारा, पुढची डोक्यावर."

"मग दहा कोनी मोजले?"

खोलीत सगळे ऐकत होते. बाहेर पाऊस होता, पण आत सगळं ऐकू जात होतं. खोटं बोलायला जागा होती. पुस्तकात चुकीचं छापलं होतं म्हणू शकले असते, कोणी मोठ्या माणसाने सांगितलं म्हणू शकले असते. त्यांनी ते खरं धरलं असतं.

"कोणी नाही," मी म्हटलं. "मी मनाने सांगितले. तेव्हा एक आकडा सांगायला हवा होता म्हणून."

"मनानं?" तिची आई म्हणाली. एवढंच.

म्हातारा आमच्या तोंडांकडे बघत होता. त्याला दिसत होतं की काहीतरी बोललं गेलं आणि सगळे गप्प झाले. "काय म्हनते बाई?" तो ओरडला. कोणी सांगेना. "आरं काय म्हनते?"

मुलीने माझ्याकडे बघितलं.

"सांग," मी म्हटलं.

ती गेली, त्याच्या कानाला तोंड लावलं, आणि जितकं जोरात ओरडता येईल तितक्या जोरात ओरडली, "बाई म्हनते, दहा तिनं मनानं सांगितलेले!"

म्हाताऱ्याने मान वळवून माझ्याकडे बघितलं. मग विचारलं, या वेळी हळू, स्वतःचाच आवाज त्याला ऐकू येत नसावा, "व्हय बाई?"

मान हलवून भागलं असतं. मी बाकावरून उठले, त्याच्याजवळ खाली बसले आणि त्याच्या कानात मोठ्याने, खोलीभर ऐकू जाईल असं, म्हटलं, "हो. मनाने."